एमू हलवायचे आहेत, दिंडोरी ते सिन्नर. मागच्या वेळी एक गेला. काय चुकलं?

द्राक्षवाला | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४२

मंडळी, हा धागा शेती विभागात टाकू की प्राणी-पक्षी विभागात, कळेना. अ‍ॅडमिननी हवा तर हलवावा. धागा हलवणं सोपं असतं. मला पक्षी हलवायचे आहेत.

आमच्या दिंडोरीजवळच्या मळ्यात पाच एमू आहेत, शहामृगासारखे उंच पक्षी. दोन नर, तीन माद्या. २०१० साली वडिलांनी एका कंपनीच्या योजनेत पैसे घालून पिल्लं घेतली होती. खाद्य कंपनी देणार, अंडी कंपनी घेणार, मोठे झालेले पक्षीही कंपनीच घेणार. दोन वर्षांत कंपनीचा फोन लागेनासा झाला. आसपासच्यांनी पक्षी मिळेल त्या भावात काढले, काहींनी रात्री माळावर नेऊन सोडले. वडिलांना ते जमलं नाही. जीव लावला होता असंही नाही, शिव्याच घालायचे त्यांना. पण संध्याकाळी कोबीचा पाला टाकायला दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचे नाहीत. दीड वर्षापूर्वी वडील गेले.

वाटणीत कुंपणाचा तुकडा धाकट्या भावाकडे गेला. त्याला तिथे बेदाण्याचं शेड टाकायचंय. माझी थोडी जमीन सिन्नरच्या बाजूला आहे, तिथे पक्षी न्यायचेत. संक्रांतीपर्यंत जागा मोकळी करून देतो असा शब्द दिलाय.

एप्रिलमध्ये एक प्रयत्न केला होता. तेव्हा सहा होते. सकाळी अकराच्या सुमारास चार पोरं कुंपणात उतरली. त्यातला सगळ्यात उंच, त्याला आम्ही लंबू म्हणायचो, त्याच्या मागे लागलो. चाळीस मिनिटं पळवला त्याला. चेनलिंकच्या जाळीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी कोपऱ्यात सापडला, एकाने मान धरली, दोघांनी पाय. सुतळीने पाय बांधले, छोटा हत्ती टेम्पोत गोणपाटावर आडवा घातला. बाकीच्यांना पकडायचं त्राण कुणात उरलं नाही. नाशिकच्या द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलो. सिन्नरला उतरवला तेव्हा जिवंत होता, डोळे उघडे, चोच उघडी. पण उभा राहीना. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला. विष्ठेबरोबरचं पाणी कोऱ्या चहासारखं येत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला.

पाय मोडला नव्हता, जखम नव्हती. उन्हानं गेला म्हणावं तर तिसऱ्या दिवशी कसा? आता पाच कसे न्यायचे?

तर्रीवाली | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०५

लंबूबद्दल वाईट वाटलं. नाशिकमध्ये अजून कुणाकडे एमू असतील हेच माहीत नव्हतं. एक बालिश प्रश्न: अंड्याचं ऑम्लेट किती जणांना पुरतं?

द्राक्षवाला | ३० नोव्हेंबर, रात्री १०:११

पाचशे-सहाशे ग्रॅमचं अंडं असतं, कोंबडीची दहा-बारा धरा. आख्खं घर जेवतं. फोडताना मात्र हातोडी लागते.

पोल्ट्रीवाला_निफाड | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

भाऊ, राग मानू नका, पण दिवसा अकराला, एप्रिलात? आम्ही दोन किलोची ब्रॉयलर कोंबडी दिवसा उचलत नाही. लिफ्टिंग रात्री. शेडमधले दिवे बंद, एक निळा बल्ब, आवाज नाही. मंद निळ्या उजेडात कोंबडी शांत होते, बसून राहते. लिफ्टिंगवाली पोरं एका क्रेटमध्ये दहा-बारा भरतात. घाई केली की कोंबड्या कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालच्या गुदमरतात. नवी टोळी आली की मरतूक किती लागणार ते मी त्यांच्या चालण्यावरून सांगतो.

तुम्ही पण रात्री उचला. बस.

सिन्नरकर | १ डिसेंबर, सकाळी ७:५०

अहो, कोंबडी आणि एमू एक आहे का? कोंबडी पायाला धरून उलटी नेता, एमूने उलटी लाथ घातली तर तुम्हीच उलटे व्हाल. पाय बांधल्याशिवाय तो पक्षी गाडीत घालूच नये. आमच्या गावात एकाची मांडी फाडली होती, चौदा टाके.

जनावरांचा_डॉक्टर | १ डिसेंबर, दुपारी १:२०

द्राक्षवाला, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की पक्षी न बघताही बरंच सांगता येईल. तरी शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळे 'बहुधा' हा शब्द प्रत्येक वाक्यात आहे असं समजा.

याला आम्ही कॅप्चर मायोपॅथी म्हणतो. भीती आणि पळापळ यांनी स्नायूंची नासाडी होण्याचा प्रकार. हरणांत, फ्लेमिंगो-क्रौंचासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांत आणि एमू-शहामृगांत हमखास दिसतो. पक्षी जिवाच्या आकांताने पळतो, पायाच्या स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, लॅक्टिक आम्ल साठतं, अंग तापतं. पक्ष्याला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो गरमी बाहेर काढतो. त्यात एप्रिलचं ऊन. स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. त्यांतलं पोटॅशियम रक्तात आलं की हृदयाचे ठोके बिघडतात, अशा वेळी काही पक्षी हातातच जातात. जे तेव्हा वाचतात, त्यांच्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे लाल द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकतं. तुम्हाला दिसलेला कोरा चहा तो. मूत्रपिंड बंद पडायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून मरण तिसऱ्या दिवशी.

पाय बांधून आडवं घालणं हे त्यावर मीठ. एवढं वजन एकाच बाजूच्या मांडीवर दीड-दोन तास, तिथला रक्तपुरवठा आणखी तुटतो. सिन्नरकर, तुमच्या गावातल्या टाक्यांबद्दल सहानुभूती आहे, पण पाय बांधू नका.

एकदा पक्षी बसला आणि उठेना की सलाइन, सोडा बायकार्ब, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देतात, पण यश फार कमी. माझ्या हातून अशा अवस्थेतला एकही वाचलेला नाही.

थोडक्यात, लंबू गाडीत मेला नाही. चाळीस मिनिटांच्या पळापळीतच त्याचं व्हायचं ते झालं होतं.

द्राक्षवाला | १ डिसेंबर, दुपारी २:०२

डॉक्टर, वाचलं. म्हणजे आम्हीच. असो.

चांदवडी_रुपया | १ डिसेंबर, दुपारी ४:१५

असं मनाला लावून घेऊ नका. येवल्याकडे ममदापूर-राजापूरच्या काळवीट राखीव क्षेत्राला लागून आमच्या मावशीची शेती आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने हरणं येतात, कधी विहिरीत पडतात. गावचे लोक जीव धोक्यात घालून काढतात. एकदा मी स्वतः दोर धरला होता. पाऊण तास लागला. वर आलेलं हरीण धडधाकट, खरचटलेलंसुद्धा नाही. पोरांनी भोवती गराडा घातला, फोटो काढले, एकाने मांडीवर घेतलं. संध्याकाळी मेलं. म्हातारे म्हणाले, "हरणाचं काळीज फुटतं माणसाच्या हाताने." आम्ही हसलो होतो. आज डॉक्टरांचं वाचून कळलं, म्हातारे फार चुकले नव्हते.

जनावरांचा_डॉक्टर | १ डिसेंबर, दुपारी ४:४०

अजिबात चुकले नव्हते. सुटका झाल्यावर डोळ्यांवर कापड, माणसं लांब, आवाज बंद, सावली. वनखात्याची माणसं गर्दी हाकलतात ती उगाच नाही.

पर्थचा_पाहुणा | १ डिसेंबर, संध्या. ६:३०

माझं माहेर गंगापूर रोड, सध्या मुक्काम पश्चिम ऑस्ट्रेलिया. (पुरुषांना पण माहेर असतं, हलके घ्या.)

एमूंचा पाठलाग या विषयावर आमच्या राज्याकडे सरकारी अनुभव आहे. १९३२ साली कँपियन भागात वीसेक हजार एमू गव्हाच्या शेतांत घुसले. शेतकरी पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक, त्यांनी मशीनगन मागितल्या. मेजर मेरेडिथ दोन लुईस गन आणि दहा हजार गोळ्या घेऊन नोव्हेंबरात हजर. एमू गोळीबार सुरू झाला की छोट्या छोट्या टोळ्या करून फुटायचे. मग एक गन ट्रकवर बसवली. तर ट्रकला एमू गाठता येईनात आणि धक्क्यांनी गोळी झाडता येईना. तासाला पन्नास किलोमीटरच्या आसपास पळतो हो तो. शेवटी लष्कर परत गेलं.

ट्रक आणि मशीनगनला जमलं नाही ते दिंडोरीतल्या चार पोरांनी चाळीस मिनिटांत केलं. किंमत लंबूने दिली.

कामाचं: इथे फार्मवर कुणी एमू पकडत नाही, चालवत नेतात. दोन बाजूंना आरपार न दिसणाऱ्या भिंती, वाट हळूहळू चिंचोळी, मागून दोन माणसं हात पसरून सावकाश. जाळीतून पलीकडचं दिसलं की त्याला वाटतं तिथून निघता येईल आणि तो धडकतो. कापड लावलं की भिंत समजून वळतो. हिरवं शेडनेट चालेल, आपल्याकडे त्याचा काय तुटवडा.

काकू_पंचवटी | १ डिसेंबर, रात्री ८:१०

शहामृगाच्या डोक्यावर मोजा घालतात ना? मी टीव्हीवर बघितलंय. एकदम गरीब गाय होतं.

पर्थचा_पाहुणा | १ डिसेंबर, रात्री ८:४५

काकू, बरोबर, पण ते शहामृगाचं. अंधार झाला की शहामृग शांत उभं राहतं आणि धरून नेता येतं. एमूवर तो उपाय भरवशाचा नाही, बरेचसे टोपी काढायलाच आणखी धडपडतात. दोघं दिसायला भाऊ, स्वभाव वेगळे. पायाची बोटंसुद्धा वेगळी, शहामृगाला दोन, एमूला तीन.

काकू_पंचवटी | १ डिसेंबर, रात्री ८:५२

भाऊ असून स्वभाव वेगळे म्हणजे आमच्या घरासारखंच.

निळावंती_रोड | २ डिसेंबर, सकाळी १०:२०

मला वेगळं म्हणायचंय, कडू लागेल. पाच पक्षी हलवण्याची एवढी चर्चा, पण ते पाळायचेच कशाला? ऑस्ट्रेलियाच्या माळावरचा पक्षी इथे जाळीत. मांसाला गिऱ्हाईक नाही, तेलाने गुडघे बरे होतात याला धड पुरावा नाही. एखाद्या प्राणिसंग्रहालयाला देऊन टाका.

द्राक्षवाला | २ डिसेंबर, सकाळी ११:४०

ताई, दोन ठिकाणी विचारलं. एकीकडे "आमच्याकडेच जास्त झालेत", दुसरीकडे "अर्ज करा". अर्ज केला त्याला दहा महिने झाले. आणि देऊन टाकायचे तरी गाडीत घालावेच लागतील ना? प्रश्न तोच राहतो.

चांदवडी_रुपया | २ डिसेंबर, दुपारी १२:१५

त्या काळात हे लोण सगळीकडेच होतं. आंध्रातून सुरू झालं, मग तामिळनाडू, मग आपल्याकडे. २०१२ मध्ये इरोडजवळ पेरुंदुराईला फुगा फुटला तेव्हा हजारो गुंतवणूकदार आणि उपाशी पक्षी दोन्ही बातम्यांत होते. माणसांच्या पैशाचं पुढे कोर्टात गेलं. पक्षी एवढे जगतात हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. पाळलेला एमू वीस-पंचवीस वर्षं सहज काढतो.

कायदेपंडित_नाही | २ डिसेंबर, दुपारी ३:०५

कुणी गाडी अडवली तर? १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत २००१ साली कोंबड्यांबद्दलचा भाग आला. ऊन, पाऊस, थेट वारा लागू द्यायचा नाही, आधी खाणंपिणं द्यायचं वगैरे. आणि त्यात एक कलम असं की तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असताना कोंबड्या न्यायच्या नाहीत.

पोल्ट्रीवाला_निफाड | २ डिसेंबर, दुपारी ३:२२

हा हा हा. निफाडला आज पहाटे पारा एक आकडी, दुपारी अठ्ठावीस. म्हणजे सकाळी दहा ते साडेअकरा एवढ्यात महाराष्ट्राची चिकनची गरज भागवायची.

तर्रीवाली | २ डिसेंबर, दुपारी ३:३०

आणि श्रावणात पारा अगदी बरोबर असतो, पण तेव्हा गिऱ्हाईक नसतं. =))

कायदेपंडित_नाही | २ डिसेंबर, दुपारी ३:४१

हसा, पण नियम आहे. त्यातल्या व्याख्येत कोंबडी, लावा, गिनी, बदक, हंस, टर्की अशी नावं आहेत, एमूचं नाव नाही. तरी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा मूळ १९६० चा कायदा सगळ्यांनाच लागू. पाय बांधून आडवा घातलेला एमू पोलिसाला दिसला तर तो टर्की आहे की नाही हे विचारणार नाही. पशुवैद्यकाचा दाखला जवळ ठेवा.

सिन्नरकर | २ डिसेंबर, संध्या. ५:५५

ठीक आहे, पाय नाही बांधायचे. मग भूल द्या. बिबट्याला देतात ना?

जनावरांचा_डॉक्टर | २ डिसेंबर, रात्री ९:१५

पंचावन्न किलोमीटरसाठी भूल नको. अर्धवट गुंगीतला पक्षी हलत्या गाडीत उभं राहायला बघतो आणि पडतो, मान दुमडून बसला तर श्वास अडकतो. शुद्धीवर येताना जी धडपड करतो तिच्यातच पुन्हा मायोपॅथी.

एमूला धरायची वेळ आलीच तर समोरून जायचं नाही. लाथ पुढे आणि खाली येते, नखं चाकूसारखी. मागून किंवा बाजूने जाऊन दोन्ही खुरटे पंख मुळाशी धरायचे, पक्षी छातीशी घट्ट ओढून घ्यायचा आणि त्याच्याबरोबर चालायचं. मान धरायची नाही, पाय धरायचे नाहीत. जाड फुल पँट. दोन मिनिटांत धरता आला नाही तर सोडून द्यायचा आणि त्या दिवशी पुन्हा त्या पक्ष्याला हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड, कारण पोरं पेटलेली असतात.

पण माझं म्हणणं, धरूच नका. महिना आहे ना हातात? वडील पाला कुठे घालायचे?

द्राक्षवाला | २ डिसेंबर, रात्री ९:३३

बांधाच्या कडेला, विहिरीच्या बाजूला. अजूनही तिथेच घालतो. पाच वाजले की रांगेत येऊन उभे राहतात.

जनावरांचा_डॉक्टर | २ डिसेंबर, रात्री ९:४१

मग झालं की. तिथेच शेडनेटची गल्ली करा. उद्यापासून पाला रोज दोन पावलं आत.

बागलाणी | ३ डिसेंबर, सकाळी ६:४५

बांध आहे म्हणतात तर एक युक्ती सांगतो, आम्ही शेळ्या अशाच भरतो. पिकअप बांधाला मागून लावायची. बांध आणि गाडीचा तळ एका पातळीत आला की फळीची घसरगुंडी लागत नाही. कमी पडलं तर गाडीच्या चाकाखाली चर काढा. जनावराला चढ दिसला की ते अडतं, सपाट दिसलं की चालत जातं. मनुक्षभी तसाच शे.

पोल्ट्रीवाला_निफाड | ३ डिसेंबर, सकाळी ९:००

बागलाणी भाऊ +१. तळाला गोठ्यातली रबर मॅट टाका, वर भाताचा पेंढा. गुळगुळीत पत्र्यावर एमू सटकला की पाय फाकून संपला. आणि गल्ली बांधताना तारांचे तुकडे, खिळे, नट खाली पडले तर वेचून घ्या. हा पक्षी चकाकेल ते गिळतो. आमच्या शेजाऱ्याच्या एमूच्या पोटात दुचाकीची किल्ली निघाली होती.

तर्रीवाली | ३ डिसेंबर, सकाळी ९:०४

गाडी निघाली का पण?

मुळेकर | ३ डिसेंबर, दुपारी १:१०

रात्र की दिवस ते ठरलंच नाही. पोल्ट्रीवाले रात्र म्हणतात. आमच्याकडे मोरांच्या बाबतीत उलटा अनुभव, अंधारात बॅटरी घेऊन गेलो तर भिंतींवर आपटून घेतलं त्यांनी.

जनावरांचा_डॉक्टर | ३ डिसेंबर, दुपारी २:००

दोघंही बरोबर. भरायचं दिसत असताना, न्यायचं अंधारात. म्हणजे पाच-साडेपाचला पाला खायला आले की गल्लीतून गाडीत, मग तासभर गाडी तशीच उभी ठेवा. बसले की निघा. गाडीत फळ्या लावून कप्पे करा. या दिवसांत त्यांचा जोडीचा हंगाम असतो, नर एकमेकांना आणि मादी नरांना लाथा घालते. त्या दिवशी सकाळचं खाद्य कमी, पाणी मात्र शेवटपर्यंत. गूळ-मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट आदल्या दिवसापासून. कॅनडात एमूंना ट्रकमधून नेऊन आधी-नंतर रक्त तपासलं, तर धड वाटणाऱ्या पक्ष्यांतही वजन घटलेलं आणि स्नायूंचं एन्झाइम वाढलेलं सापडलं. त्यामुळे उतरवल्यावर आठवडाभर त्यांना कुणी बघायला येऊ नये. हे सिन्नरकरांसाठी.

आणि हो, हंगाम म्हणालो त्यावरून: अंडी चालू आहेत का?

द्राक्षवाला | ३ डिसेंबर, दुपारी २:२०

दरवर्षी थंडीत देतात. आम्ही रोज उचलतो. यंदा वाटणीच्या गडबडीत तिकडे लक्षच नाही, बघायला हवं. गल्लीचं काम रविवारी सुरू करतो.

द्राक्षवाला | १४ डिसेंबर, रात्री ८:३०

गल्ली तयार. जुन्या शेडनेटच्या दोन भिंती, पाच फुटांपासून अडीच फुटांपर्यंत निमुळती. पहिले तीन दिवस कुणी आत आलं नाही, लांबून माना वाकड्या करून बघत होते. चौथ्या दिवशी एक मादी आली. तिचं बघून दुसरी. आता चार पक्षी थेट पिकअपच्या फाळक्यापर्यंत जातात. गाडी पाच दिवसांपासून बांधाला लावून ठेवलीय. भाऊ म्हणतो, गाडीचं भाडं एमूंकडून घे.

पाचवा, मोठा नर, येत नाही. शेवरीच्या खाली बसून असतो. लंबूसारखं काही झालं की काय म्हणून घाबरून जवळ गेलो. गळ्यातून गुरगुरला. उठला नाही.

काकू_पंचवटी | १४ डिसेंबर, रात्री ८:३८

अहो, खाली बघितलंत का त्याच्या?

द्राक्षवाला | १५ डिसेंबर, सकाळी ७:१५

काकू, दंडवत. नऊ अंडी. गडद हिरवी, जवळजवळ काळी. पालापाचोळा ओढून घेतलाय अंगाखाली.

पर्थचा_पाहुणा | १५ डिसेंबर, सकाळी ७:५०

अभिनंदन! एमूंत अंडी नरच उबवतो. आठ आठवडे बसतो, खाणं जवळजवळ बंद, अंगावरच्या चरबीवर काढतो. उठतो तो अंडी फिरवायला. मादी अंडी देते आणि कधी कधी दुसरा नर बघायला निघून जाते.

तर्रीवाली | १५ डिसेंबर, सकाळी ८:०२

हा धागा नवऱ्याला पाठवते आहे.

जनावरांचा_डॉक्टर | १५ डिसेंबर, सकाळी ११:३०

त्याला हलवू नका. उपाशी पक्षी, अंगावर साठा कमी होत जाणारा, त्यात पकडापकड, म्हणजे लंबूची पुनरावृत्ती. अंडी फलित असतीलच असं नाही, वय झालंय. पण ते त्याला कोण सांगणार. बाकीचे चार न्या.

द्राक्षवाला | १५ डिसेंबर, रात्री ९:५०

भावाला सांगायचं कसं हा प्रश्न आहे. संक्रांतीचा शब्द दिलाय.

द्राक्षवाला | २२ डिसेंबर, सकाळी १०:४०

काल संध्याकाळी चार नेले. लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

पाच वाजता पाला गाडीच्या आत, पार पुढच्या कप्प्यात टाकला. पहिली मादी सरळ आत गेली. दुसरीही. मी मागून फळी सरकवली, आवाज होऊ नये म्हणून फळीच्या कडांना आधीच गोणपाट शिवलं होतं. तिसरी फाळक्यापाशी थांबली, चोचीने पेंढा उचलून टाकला, मागे फिरली. एप्रिलमधलाच एक पोरगा होता, तो पुढे सरकला. मी त्याचा हात धरला. सगळे बाजूला जाऊन बसलो. वीस मिनिटांनी ती आपली आपण आत. छोट्या नराला मात्र शेवटी मागून पंख धरून, छातीशी लावून चार पावलं चालवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच. माझ्या शर्टाचं एक बटण त्याने गिळलं.

ताडपत्री फक्त वरून आणि पुढून, बाजूला शेडनेट, हवा खेळती. साडेसातला आतून धपाधप आवाज थांबला, बसले. आठला निघालो. द्वारकेला या वेळी पण अडकलो, पण गाडी थंड, आत चिडीचूप. मोहदरी घाटात वीसच्या पुढे नेली नाही. मागचे ट्रकवाले जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. सव्वादहाला पोहोचलो. फाळका उघडला, गाडी इथेही बांधालाच लावली आणि लांब जाऊन बसलो. तीन अर्ध्या तासात उतरले. छोटा नर पहाटेपर्यंत गाडीतच. सकाळी बघतो तर उतरून टमाट्याच्या वाफ्यात.

आज सकाळी चौघंही चालतायत. विष्ठेचं पाणी स्वच्छ. पुढचे तीन दिवस बघत राहणार.

बागलाणी | २२ डिसेंबर, सकाळी ११:०५

जमलं ना भो!

सिन्नरकर | २२ डिसेंबर, दुपारी १२:३०

मी येणार नाही बघायला, डॉक्टरांना सांगा. पण टमाट्याचा वाफा आता विसरा.

निळावंती_रोड | २२ डिसेंबर, दुपारी १:१५

माझं मत अजून तेच आहे, जाळीतला पक्षी जाळीतलाच. पण फळीला गोणपाट शिवलं ते वाचून बरं वाटलं.

द्राक्षवाला | २६ डिसेंबर, रात्री ९:२०

पाच दिवस झाले, चौघंही ठीक. एक मादी रात्री नरड्यातून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढते, शेजारच्या वस्तीवरून विचारणा झाली.

इकडे मोठा बसूनच आहे. काल भावाशी बोललो. तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, शेडचा मिस्त्री तसाही फेब्रुवारीशिवाय येत नाही. हे खरं नाही, मिस्त्री माझ्यासमोरच जानेवारीचा म्हणाला होता. आज सकाळी मळ्यात गेलो तर शेवरीच्या उत्तरेकडून कुणीतरी गोणपाटाचा आडोसा बांधलेला. त्या बाजूने थंड वारा येतो.

मी काही विचारलं नाही.

काकू_पंचवटी | २६ डिसेंबर, रात्री ९:३१

भावांचे स्वभाव वेगळे म्हणाले होते, ते मागे घेते.

पोल्ट्रीवाला_निफाड | २६ डिसेंबर, रात्री ९:४५

बसला कधी ते धरा १० डिसेंबर, म्हणजे छप्पन्न दिवस ४ फेब्रुवारीला भरतात. पिल्लं निघाली तर खाली फरशी किंवा वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात. माझ्याकडे ब्रूडरमधली (पिल्लांना ऊब देतात ती जागा) जुनी खरखरीत चटई पडून आहे, हवी का?

द्राक्षवाला | २६ डिसेंबर, रात्री ९:५८

ठेवून द्या. रविवारी येतो न्यायला.